खाज आणि वेदनेच्या संशोधनात स्वयंसेवक व्हायचं तर नक्की काय काय होतं?

कुतूहल

निरोगी स्वयंसेवक हवेत, असं एका अभ्यासाचं आवाहन समोर आहे. विषय खाज, वेदना आणि मेंदू. एकूण तीन भेटी. पहिलीत तपासणी आणि त्वचेच्या संवेदनांच्या चाचण्या, दुसरीत हातावर खाज आणणं आणि गरम-गार चटके, तिसरीत हेच सगळं एमआरआयमध्ये झोपून. माहितीपत्रकात 'थोडा वेळ अस्वस्थ वाटू शकतं' एवढंच मोघम लिहिलंय. त्यातून काही बोध होत नाही.

खाज आणतात म्हणजे काय लावतात, ती किती वेळ टिकते, खाजवू देतात का? उष्णतेने भाजायची शक्यता कितपत? दाढेवर धातूची टोपी आहे आणि शिंका सुरू झाल्या की अधूनमधून सेट्रिझिन घेतली जाते. या दोन गोष्टींवर अडेल का? शून्य ते दहा असे आकडे सांगायचे असतात म्हणे, ते चुकले तर? आणि सही करण्याआधी कागदात काय बघायचं?

'धाडस करून टाका' किंवा 'कशाला खाजवून खरूज काढताय' असे सल्ले नकोत. प्रक्रिया माहीत असलेल्यांनी तपशील सांगितले तर उपकार होतील.

खाजकुइली

खाज आणण्याचे मुख्य प्रकार दोन, हिस्टामिन आणि खाजकुइली. दोन्हींची खाज वेगवेगळ्या चेतातंतूंवरून वर जाते, म्हणून बऱ्याच अभ्यासांत एकाच माणसावर दोन्ही करून बघतात.

हिस्टामिनचं तंत्र ॲलर्जीच्या टोचणी-चाचणीसारखंच. मनगट आणि कोपर यांच्या मधल्या आतल्या बाजूला १ टक्का हिस्टामिनचा थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक सुईने त्वचेचा वरचा थर जेमतेम टोचतात. रक्त येत नाही, यायला नको. दुसऱ्या पद्धतीत सुई नसते. हिस्टामिनचं जेल भरलेली छोटी चकती चिकटवून अगदी सौम्य विद्युतप्रवाहाने ते आत ढकलतात, तेव्हा मुंग्या आल्यासारखं वाटतं. मिनिटाभरात खाज चढू लागते, दोन ते चार मिनिटांत शिखर गाठते आणि दहा ते वीस मिनिटांत ओसरते. जागेवर पित्त उठल्यावर येते तशी गांध येते आणि भोवती लाली पसरते. ती लाली पाहून घाबरू नका. औषध तिथवर पसरलेलं नसतं. खाजेचे तंतू उत्तेजित झाले की त्यांच्याच शेजारच्या फांद्यांतून रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्यं सुटतात, त्याचा तो परिणाम. संशोधक पेनने लालीची कड आखून फोटो घेतात, कारण तिचा आकारही मोजमापात धरतात.

खाजकुइलीचं म्हणाल तर वेलीच्या शेंगेवरची तीच सोनेरी कुसळं. फरक इतकाच की प्रयोगात ती सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने मोजून घेतात, साधारण २५ ते ४०. दोन सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात ठेवून बोटाने अर्धा-पाऊण मिनिट हलकेच गोल चोळतात. कुसळं त्वचेच्या वरच्याच थरात रुततात. त्यांच्यात म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम) असतं, ते त्वचेतल्या पार-२ आणि पार-४ या ग्राहकांना (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चाळवतं. इथे हिस्टामिनचा संबंध नाही, त्यामुळे गांध येत नाही आणि ॲलर्जीच्या गोळीने ही खाज थांबतही नाही. ती लवकर चढते, एक-दोन मिनिटांत जोरात येते, पाच-दहा मिनिटांत उतरते. खाजेबरोबर टोचणी आणि थोडी जळजळ असते, म्हणून तिन्हींचे आकडे वेगवेगळे विचारतात. शेवटी चिकटपट्टी दाबून उचलली की कुसळं तिच्याबरोबर निघतात.

इतकी यातायात का, तर इसबासारख्या जुनाट खाजेत ॲलर्जीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे तिथला मार्ग हिस्टामिनचा नसावा, आणि तो मार्ग निरोगी त्वचेत सुरक्षितपणे चालू करून बघायला खाजकुइलीची कुसळं फार सोयीची पडतात.

खाजवायचं नाही. हा सगळ्यात कठीण भाग आहे, आणि जमला नाही तर त्या फेरीचा आकडा वाया जातो. नखाची हलकी वेदना पाठीच्या कण्यातच खाजेचा संदेश दाबून टाकते, त्यामुळे दहा सेकंद खाजवलं तरी पुढच्या काही मिनिटांची नोंद बिघडते. आजूबाजूला चोळणं, हात मांडीवर घासणं, फुंकर मारणं, हेही त्यातच आलं. चुकून हात गेलाच तर लगेच सांगा. लपवलेलं खाजवणं कुणाच्या लक्षात येत नाही आणि तेच जास्त नुकसान करतं. काही अभ्यासांत मात्र ठरलेल्या वेळी मुद्दाम खाजवायला लावतात, किंवा संशोधक खाजवून देतात. स्वतः खाजवल्याने जास्त बरं वाटतं, आणि तसं का, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

सेट्रिझिनबद्दल: हिस्टामिनची चाचणी असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधीपासून बंद असाव्या लागतात, नेमके दिवस त्या अभ्यासाच्या नियमात लिहिलेले असतात. लोक इथे फसतात ते सर्दीच्या मिश्र गोळ्यांमुळे. त्यात क्लोरफेनिरामिन असतं आणि ते वेष्टनावर लहान अक्षरात असतं. ॲमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन यांसारखी मनोविकारावरची किंवा झोपेसाठी दिलेली औषधंही हिस्टामिन अडवतात. पण डॉक्टरांनी नेमून दिलेलं कुठलंही औषध अभ्यासासाठी आपल्या मनाने बंद करायचं नाही. नियमात बसत नसेल तर अभ्यास सोडायचा.

शून्य_ते_दहा

वरच्यात थोडी भर: हात कसा घेऊन जायचा तेही सांगायला हवं होतं. त्या दिवशी हाताला क्रीम, तेल, लोशन काही नको. हातावर केस असतील तर घरी वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्याने त्वचेचा वरचा थर खरवडला जातो, मग खाजही जास्त येते आणि चटकाही. तिथे गेल्यावर ते यंत्राने केस बारीक करून घेतात. ताजा उन्हाचा रापलेपणा, चाचणीच्या जागेवर गोंदण किंवा ओरखडा असेल तर आधीच कळवा, निम्म्या वेळा दुसऱ्या हातावर काम भागतं.

आता उष्णता. हातावर सुमारे ३ सेंटिमीटर बाजूची सपाट चकती पट्ट्याने बांधतात. ती ३२ अंशांवर, म्हणजे त्वचेच्या नेहमीच्या तापमानाला असते आणि तिथून सेकंदाला १ अंश या गतीने चढते. 'गरम' हे 'दुखतंय' मध्ये बदललं की बटण दाबायचं, चकती लगेच थंड होते. तीन वेळा करून सरासरी. बहुतेकांचा उंबरठा ४२ ते ४६ अंशांच्या आसपास येतो. ५० अंशांच्या आगेमागे यंत्र स्वतःहूनच परत फिरतं, बटण दाबलं नाही तरी. गारव्याची बाजू शून्य अंशाला थांबते. या पद्धतीत भाजत नाही, फार तर तासभर लालसर चौकोन दिसतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बटण 'सहन होईना' झाल्यावर दाबणं. विचारलेला असतो वेदनेचा उंबरठा, म्हणजे वेदनेची पहिली चाहूल. सहनशक्तीची मर्यादा हे वेगळं माप आहे आणि ते हवं असेल तेव्हा तसं स्पष्ट सांगतात. शूरपणा दाखवणाऱ्याचा उंबरठा खोटाच नोंदला जातो.

त्याच भेटीत कदाचित प्लास्टिकचे बारीक तंतू टेकवतील (किती मिलिन्यूटनला स्पर्श कळतो ते), बोथट सुया टेकवतील, १ चौरस सेंटिमीटरच्या रबरी टोकाने स्नायू दाबतील, कंपनासाठी ६४ हर्ट्झचा नादकाटा (कंप पावणारा धातूचा चिमटा) हाडावर ठेवतील. संपूर्ण संच १३ मापांचा आहे आणि तो सगळा केला तर चांगलाच वेळ जातो. कंटाळवाणं असतं. कंटाळ्याने प्रतिसाद सैल पडतात, तेव्हा मधे थांबायची विनंती करायला संकोच करू नका.

भाजण्याविषयी खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो जरूर विचारा: उंबरठ्याची चाचणी आहे, की त्वचा मुद्दाम संवेदनशील करण्याचं एखादं प्रारूप? अशी प्रारूपं तीन-चार आहेत. एकात ४५ अंशांवर ५ मिनिटं तापवून त्याच जागी ०.०७५ टक्के कॅप्सेसिनचं मलम अर्धा तास लावतात. दुसऱ्यात ४७ अंशांवर ७ मिनिटं, यात क्वचित फोड येतो. तिसऱ्यात अतिनील किरणांनी मुद्दाम उन्हाने भाजल्यासारखी जागा तयार करतात. शेवटच्या दोहोंत त्वचेवर काळसर डाग राहू शकतो, आणि सावळ्या त्वचेवर तो काही महिने राहतो. धोका असा काही नाही, पण दंडावर चौकोनी डाग घेऊन फिरायचं की नाही हे सही करण्यापूर्वी ठरवायचं असतं. कागदात 'त्वचेच्या रंगात तात्पुरता बदल' लिहिलं असेल तर 'तात्पुरता' म्हणजे किती महिने, ते विचारा.

कॅप्सेसिन असेल तर आणखी दोन गोष्टी. ते पाण्यात विरघळत नाही, नुसत्या पाण्याने धुतलं की पसरतं, म्हणून आधी तेलाच्या बोळ्याने पुसून मग साबण. आणि त्या रात्री गरम पाण्याने अंघोळ केली की गेलेली आग परत पेटते. यात ॲलर्जी वगैरे काही नाही. कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला चाळवतं, तोच उष्णताही ओळखतो. टीआरपीव्ही१ हा तो ग्राहक. १९९७ मध्ये त्याची ओळख पटवणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. थंड पाण्याची पट्टी ठेवली की आग बसते. डोळ्यांना हात लावू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी चष्मा.

आकड्यांबद्दल. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल अशी सर्वांत वाईट खाज. वेदनेची पट्टी वेगळी. काही पट्ट्यांवर तिसऱ्या हिश्शाला एक खूण असते: इथून पुढे खाजवावंसं वाटतं. ती खूण फार कामाची आहे, तिच्यावरून आकडा लावायला सोपं जातं. बरोबर-चूक आकडा असा नसतोच. तरी बिघाड होतो, तो असा. पहिल्याच फेरीत आठ सांगितलं की वर जागा उरत नाही, मग पुढचं सगळं आठ-नऊमध्ये दाटीवाटीने बसतं. म्हणून सरावाच्या फेरीत पट्टी नीट मनात बसवून घ्या. दुसरं, 'मघाशी सहा म्हटलं होतं, आताही सहाच म्हणावं' हा मोह. मेंदू सरावतो, तोच चटका तिसऱ्यांदा चार वाटू शकतो, आणि अभ्यासाला तोच बदल हवा असतो. तिसरं, काहीच न वाटणं. मधूनच निष्क्रिय केलेली कुसळं किंवा साधं खारं पाणी लावतात. उकळून विकर मारलेली कुसळं दिसायला हुबेहूब तशीच असतात. काही वाटलं नाही तर शून्य म्हणायचं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून दोन-तीन म्हणायचं नाही.

मज्जारज्जू

'खाज म्हणजे हलकी वेदनाच ना, मग दोन पट्ट्या कशाला' असं बरेच जण तिथे गेल्यावर विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. शंभर वर्षांपूर्वी तज्ज्ञांचंही तेच मत होतं. १९९७ मध्ये स्वयंसेवकांच्या पायातल्या चेतातंतूंमध्ये केसाएवढी धातूची सुई ठेवून थेट संदेश ऐकले गेले, तेव्हा हिस्टामिनला दाद देणारे आणि खाजेच्या चढउताराबरोबर चालणारे स्वतंत्र तंतू सापडले. स्वयंसेवक जागा असतो, त्याच क्षणी त्याला काय वाटतंय ते सांगतो आणि तंतूचा आवाजही टिपला जातो. हे उंदरावर होणार नाही. उंदीर खाजवताना दिसतो, पण त्याला खाजतंय की दुखतंय हे सांगत नाही.

हे तंतू भयंकर संथ असतात, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास. हातापासून पाठीच्या कण्यापर्यंतच संदेशाला दीड-दोन सेकंद लागतात. त्यामुळे चकती लावली, कुसळं चोळली आणि लगेच काही वाटलं नाही, तर घाईने 'शून्य' बोलू नका, विचारतील तेव्हा सांगा.

अशी सुईची चाचणी तुमच्या अभ्यासात दिसत नाही. असलीच तर वेळ दोन-तीन तास धरा, पाय हलवायचा नसतो, आणि नंतर काही दिवस त्या भागात मुंग्या येऊ शकतात हे कागदात असायला हवं.

अवांतर, पण गमतीचं: काही ठिकाणी २० अंशांच्या थंड आणि ४० अंशांच्या कोमट पट्ट्या आलटून पालटून रचलेल्या जाळीवर हात ठेवायला सांगतात. दोन्ही तापमानं वेगवेगळी अगदी निरुपद्रवी, एकत्र मात्र हात जळाल्यासारखा वाटतो. हात झटकन उचलला जातो आणि त्वचेला काहीही झालेलं नसतं. १८९६ पासून माहीत असलेला भ्रम आहे हा.

चुंबकवाला

तिसऱ्या भेटीबद्दल.

दाढेवरची टोपी चालते बहुधा. धोका नसतो, पण धातू चुंबकक्षेत्र थोडं वाकवतो आणि आसपासचं चित्र डागाळतं. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग तसाही विकृत व्हायला टपलेला असतो, म्हणून टोपी कुठल्या दाढेवर आणि कसली आहे ते आधी सांगा. दात सरळ करण्याच्या तारा असतील तर मात्र बहुतेक अभ्यास नकार देतात, कारण चित्रच निकामी होतं.

नकाराची खरी कारणं वेगळी. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं रोपण, शरीरात बसवलेला औषधाचा पंप. आणि लोक विसरतात ते, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. वेल्डिंग, घासकाम, लेथ केलेल्या माणसाच्या डोळ्यात असा कण वर्षानुवर्षं नकळत असू शकतो. ३ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ६० हजार पट जोरदार असतं आणि ते कधीच बंद नसतं, चाचणी चालू नसतानाही. प्रश्नावलीत प्रत्येक ओळ दोनदा वाचा. हाडातली टायटॅनियमची पट्टी, तांबी, सगळं सांगा. चालेल की नाही हे त्यांना ठरवू दे. शस्त्रक्रियेचं कार्ड असेल तर घेऊन जा.

कपड्यांत व्यायामाचे घामविरोधी कपडे टाळा. काहींत चांदीचे धागे असतात, ते तापून चटके बसल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. निकोटीनचे किंवा औषधाचे चिकट पॅच काढायचे, त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियम असू शकतं. डोळ्यांचा मेकअप नको. आत झोपल्यावर हाताची बोटं एकमेकांत गुंफायची नाहीत, मांड्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. त्वचा त्वचेला टेकून वर्तुळ पूर्ण झालं की त्यात प्रवाह फिरतो आणि टेकलेल्या जागी भाजतं.

आत काय होतं? सुरुवातीला मेंदूची रचना टिपणारं चित्र, पाचेक मिनिटं. मग आठ-दहा मिनिटांच्या फेऱ्या, प्रत्येकीत खाज किंवा चटका, मधे विश्रांती. दर दोनेक सेकंदांना पूर्ण मेंदूचं एक चित्र निघतं. यंत्र मेंदूतली वीज मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतं. तो बदल पाच-सहा सेकंद उशिरा शिखराला पोचतो आणि जेमतेम एक टक्क्याच्या घरातला असतो. म्हणून इतक्या फेऱ्या लागतात. म्हणूनच डोकं हलवू नका हा घोषा. चित्राचा एक ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, डोकं तितकं सरकलं की त्या ठिपक्यात मेंदूचा दुसराच भाग येतो. खोकला, जांभई, मान अवघडणं, सगळं त्यात आलं. तेव्हा आत जाण्याआधी लघवी करून घ्या, नाक शिंकरून घ्या, उशी दोनदा नीट करून मागा. 'चालेल' म्हणून झोपलेली मान विसाव्या मिनिटाला बंड करते.

आणि हो, नाक खाजेल. हमखास. हात वर न्यायचा मोह होईल, पण खाजवायची नुसती इच्छासुद्धा मेंदूतल्या हालचाल आखणाऱ्या भागांत उमटते, हात हलला तर मग बोलायलाच नको. फेऱ्यांच्या मधे इंटरकॉमवर सांगा, ते थांबतात.

आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि वरून हेडफोन, दोन्ही. बोळे नीट बसले नसतील तर सुरू होण्याआधी बोला. हातात रबरी फुगा देतात, दाबला की लगेच बाहेर. बंदिस्त जागेची भीती वाटत असेल तर आधी नकली यंत्रात झोपून बघता येईल का विचारा, बऱ्याच ठिकाणी ते असतं.

एक गैरसमज मोडून टाकतो: मेंदूत 'खाजेचं केंद्र' दाखवणारा रंगीत ठिपका निघत नाही. इन्सुला, अग्र सिंग्युलेट, थॅलॅमस, संवेदना आणि हालचालींचे पट्टे, असे बरेच भाग एकत्र उजळतात आणि यातले कित्येक वेदनेतही उजळतात. फरक त्यांच्या प्रमाणात आणि वेळेत असतो, तो एका माणसाच्या चित्रात दिसत नाही, वीस-तीस जणांच्या सरासरीत दिसतो. तेव्हा 'माझा निकाल काय' विचारलं तर उत्तर मिळणार नाही. मेंदूचं एखादं चित्र मागितलं तर बहुतेक देतात.

बारीक_अक्षर

कागदाचं मी सांगतो. सही करण्यापूर्वी माहितीपत्रक घरी घेऊन जाता यायला हवं. 'इथेच वाचा आणि सही करा' असा आग्रह असेल तर ते वाईट लक्षण.

नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि समितीचा संपर्क असावा, फक्त संशोधकाचा नव्हे. तक्रार असेल तर ती संशोधकाकडेच करावी लागू नये. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, हे वाक्य असतंच. त्याच्या पुढे वाचा: बाहेर पडल्यास तोवरच्या वेळेचे पैसे मिळतात का? सगळी रक्कम शेवटच्या भेटीला बांधलेली असेल तर बाहेर पडण्याचं स्वातंत्र्य नावापुरतंच उरतं. मोबदला वेळेचा आणि येण्याजाण्याचा असतो, वेदनेचा नाही. जास्त दुखवून घेतलं तर जास्त पैसे अशी रचना कुठे दिसली तर उठून यावं. प्रमुख संशोधक तुमचे शिक्षक किंवा वरिष्ठ असतील तर संमती दुसऱ्या कुणी घ्यायला हवी.

इजा झाली तर उपचारांचा खर्च कुणाचा, विमा आहे का, किती काळापर्यंत. हा परिच्छेद गाळलेला असेल तर लेखी विचारा.

एमआरआय आहे म्हणून 'अनपेक्षित निष्कर्ष' हा भाग नीट वाचा. निरोगी म्हणून आलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन जणांच्या मेंदूत वैद्यकीय दृष्ट्या दखल घ्यावी असं काही सापडतं. सापडलं तर कळवणार का, कोण कळवणार, पुढच्या तपासणीचं काय? 'मला कळवू नका' हा पर्याय काही ठिकाणी नसतो, आणि काही ठिकाणी चित्रं रेडिओलॉजिस्ट बघतच नाहीत. दोन्ही माहीत असावं. असं काही नोंदीत आलं तर पुढे विमा काढताना ते सांगावं लागू शकतं, म्हणून हे कागदावरचं कलम म्हणून सोडून देऊ नका.

विदा, म्हणजे डेटा. तुमचं नाव काढून क्रमांक घालतात, ठीक. पण डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, नाकाडोळ्यांसकट. चित्रं इतर संशोधकांना देणार असतील तर आधी चेहरा पुसतात का, एवढं एकच विचारा. उत्तर पटकन आलं तर त्यांनी विचार केलेला आहे असं समजा.

शेवटचं: एकाच वेळी दोन अभ्यासांत नाव घालू नका. एकात औषध असेल तर दुसऱ्याचे आकडे बिघडतात आणि दोन औषधं एकत्र आली तर इजाही होऊ शकते.

कुतूहल

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. माहितीपत्रकात 'अभ्यासाचे काही तपशील शेवटी सांगितले जातील' असं आहे, म्हणजे फसवणार का? आणि इथे इतकं वाचून गेल्याने माझे आकडे बिघडणार नाहीत का?

शून्य_ते_दहा

बहुतेक ते अपेक्षेचा परिणाम बघत असणार. साधं मलम लावून 'याने खाज कमी होईल' सांगायचं, किंवा उलट, 'याने वाढेल' सांगायचं. दोन्ही तऱ्हांनी आकडे खरोखर हलतात. खाज याबाबतीत वेदनेपेक्षाही हळवी म्हणावी अशी. दुसरा माणूस खाजवतानाचा व्हिडिओ पाहिला तरी बघणाऱ्याचा हात आपल्या अंगाकडे जातो. (हे वाचताना कुठे खाजलं असेल तर तेच.) अशी लपवाछपवी नीतिसमिती मान्य करते, पण तीन अटींवर: लपवलेल्या भागात जास्तीचा धोका नको, काहीतरी लपवलंय हे आधी सांगायचं, आणि शेवटी सगळं उघड करून विदा मागे घेण्याची मुभा द्यायची. तुमच्या कागदातलं वाक्य म्हणजे दुसरी अट पाळल्याची खूण.

वाचल्याने फार बिघडत नाही. हिस्टामिन म्हणजे काय हे कळल्याने गांध लहान होत नाही. मात्र चालू असताना 'हे निष्क्रिय कुसळ असणार' असा तर्क लावत बसू नका. लागलाच तर शेवटच्या प्रश्नावलीत 'काय लावलं असं तुम्हाला वाटलं' असा रकाना असतो, तिथे खरं लिहा.

आदल्या रात्रीची झोप मात्र मोडू नका. झोप कमी झाली की वेदनेचा उंबरठा खाली येतो. आदल्या दिवसापासून मद्य आणि वेदनाशामक नको, चहा-कॉफीचा नियम ते सांगतील. आणि काहीतरी खाऊन जा. काही अभ्यासांत बर्फाच्या पाण्यात हात बुडवायची चाचणी असते; उपाशीपोटी ती केली, की नाडी मंदावून भोवळ येणारे काही कमी नसतात. घाम फुटला, कानात दडे बसले, तर आकडा पूर्ण करत बसायचं नाही. तसं सांगून लगेच आडवं व्हायचं. बोटं गारठून पांढरी पडण्याचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर ही बर्फाची चाचणी करूच नये.

खाजकुइली

हातावरच्या केसांचं सांगायचं राहिलं हे मान्य, वस्तरा नकोच.

एक राहिलं. चिकटपट्टी एकदा उचलून भागत नाही. प्रत्येक वेळी नवा तुकडा, चौकोनाच्या बाहेर बोटभर जागेपर्यंत, तीन-चार वेळा. मग भिंगातून बघायला सांगा. कुसळं चोळलेल्या बोटावर, टेबलाच्या कडेवर आणि सगळ्यात जास्त शर्टाच्या गुंडाळलेल्या बाहीत अडकतात. बाही खाली ओढली की दोन तासांनी घरी भलत्याच जागी खाज सुटते, आणि मग लोक समजतात ॲलर्जी झाली. अर्ध्या बाहीचा सदरा घालून जा.